खाणीचे पाणी आणि जिवाणू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खाणीत उघड्या पडलेल्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात आम्ल, धातू आणि रसायने उतरू शकतात. असे पाणी जिवाणूंच्या मदतीने शुद्ध करता येते. मात्र या पद्धतीबद्दल अनेक चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज : खाणीचे पाणी आम्लधर्मीच असते.
वस्तुस्थिती : ते खडकावर ठरते. आसामातील माकूम कोळसा क्षेत्रात गंधकयुक्त पायराइटमुळे पाणी आम्लधर्मी होते. याउलट जालना जिल्ह्यात धातूंच्या खाणी नाहीत. येथे बेसॉल्टच्या दगडखाणी आहेत. बेसॉल्टमध्ये पायराइट नगण्य असते आणि त्यातील खनिजे आम्ल शमवतात. मात्र सुरुंगासाठी वापरलेल्या अमोनियम नायट्रेटचे अवशेष खाणीतल्या पाण्यात मिसळू शकतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे.

गैरसमज : जिवाणू पाणी स्वच्छच करतात.
वस्तुस्थिती : ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू पाण्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण करून पायराइट विरघळण्याचा वेग वाढवतो. त्यामुळे आम्लही वाढते.

गैरसमज : जिवाणू धातू खाऊन संपवतात.
वस्तुस्थिती : धातू नष्ट होत नाही, त्याचे रूप बदलते. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत सल्फेट-क्षपणकारी जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्याच्याशी संयोग होऊन तांबे, जस्त व कॅडमियम यांचे न विरघळणारे कण तळाशी बसतात. पाण्याचा सामूही वाढतो. हा गाळ काढून सुरक्षित ठेवावाच लागतो. नायट्रेट व सायनाइड यांचे मात्र जिवाणू खरोखर विघटन करतात. नायट्रेटमधील नायट्रोजन वायुरूपात हवेत जातो.

गैरसमज : हे सारे प्रयोगशाळेपुरतेच आहे.
वस्तुस्थिती : अमेरिकेच्या साउथ डकोटातील होमस्टेक सोन्याच्या खाणीत 1984 पासून सायनाइडयुक्त पाण्यावर जिवाणूंद्वारे प्रक्रिया होऊ लागली. नेदरलँड्समधील बुडेल येथील जस्त शुद्धीकरण कारखान्यात 1992 पासून सल्फेट-क्षपणकारी जिवाणूंच्या साहाय्याने दूषित भूजल शुद्ध केले जाऊ लागले.

गैरसमज : जिवाणूंची पावडर टाकली की काम झाले.
वस्तुस्थिती : जिवाणूंना खाद्य लागते. त्यासाठी शेणखत, लाकडाचा भुसा किंवा अल्कोहोल यांसारखे कार्बनचे स्रोत वापरतात. तापमान, सामू व ऑक्सिजन यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो. त्यामुळे विहिरीत किंवा डबक्यात असा प्रयोग परस्पर करणे धोक्याचे आहे.

गैरसमज : असे पाणी लगेच पिण्यायोग्य होते.
वस्तुस्थिती : प्रक्रियेनंतर त्यात सल्फाइड, सेंद्रिय पदार्थ व जंतू राहू शकतात. पुढील प्रक्रिया आणि तपासणी यांशिवाय ते पिऊ नये. दगडखाणीत साचलेले पाणी वापरण्यापूर्वीही नायट्रेटची तपासणी करून घ्यावी. पाणी नितळ दिसले म्हणून ते निर्धोक ठरत नाही.