पाळी गेली, आग राहिली

1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा अंबड-परतूरकडे ज्या सुना विशी-बाविशीच्या होत्या, त्या आज पासष्टीच्या पुढे आहेत. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. म्हणजे या बायकांची गेली ती 2005 ते 2008 च्या दरम्यान, नेमकी चुकीच्या वेळी.

पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटतं. गरम वाफा बहुधा काही वर्षांत ओसरतात. योनिमार्गाचा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, बहुतेकींत वाढतच जातो. अस्तर पातळ होतं, आम्लता घटते, राखण करणारे लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि ई. कोलाय या जंतूला लघवीच्या वाटेवर रान मोकळं मिळतं. मग आग, घाई, रात्री चारदा उठणं, शरीरसंबंधात दुखणं. हे शेवटचं तर कुणाजवळ बोलायचंच नसतं. गावाकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं, धन्याचं पाणी प्यायचं आणि फारच झालं तर मेडिकलवरून गोळ्या आणायच्या. 2012-13 च्या दुष्काळात जिल्हा टँकरवर होता. पाणी कमी पडतं म्हणून जळजळ होते, हे कुणालाही पटलं असतं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

उरलेल्या अर्ध्यावरचा उपाय 1993 मध्येच छापून आला होता. राझ आणि स्टॅम या डॉक्टरांनी, पाळी गेलेल्या आणि वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या 93 स्त्रियांवरचा प्रयोग ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. योनीत एस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी 0.5 वेळा संसर्ग झाला, औषध नसलेलं नुसतं मलम लावणाऱ्यांना 5.9 वेळा. इतका ढळढळीत फरक वैद्यकात क्वचित दिसतो. मलम पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. रक्तात उतरतं ते फारच थोडं.

पण जुलै 2002 मध्ये अमेरिकेतला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’चा संप्रेरक-गोळ्यांचा प्रयोग मध्येच थांबवला गेला. दोन संप्रेरकांची गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ केसेस जास्त आढळल्या. प्रयोगातल्या स्त्रियांचं सरासरी वय होतं 63. इशारा द्यायलाच हवा होता, पण 2003 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तो सगळ्याच इस्ट्रोजेनवर चौकटीत छापला, चिमूटभर मलमावरसुद्धा. भीती हाडीमाशी मुरायला तेवढं पुरलं. त्याच प्रकल्पातल्या निरीक्षण गटाचा 2018 मधला निष्कर्ष, की योनीत इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत कर्करोग वा हृदयविकार वाढलेला दिसला नाही, किती जणांच्या कानावर गेला?

दरम्यान आपल्याकडे शस्त्रक्रियेची भीती कुणाला वाटत नव्हती. गोदावरीपलीकडच्या बीडमध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडा आला : पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. ऊसतोडीच्या टोळ्या जालन्यातूनही जातात. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर पस्तिशीची बाई एका दिवसात पाळी गेलेली होते, आणि घरी जाताना कोरडेपणाबद्दल तिला कुणी काही सांगत नाही. औषधाला कचरायचं आणि सुरीला नाही, हा हिशेब मला आजवर समजलेला नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकी प्रशासनाने तो चौकटीतला इशारा मागे घेण्याचं जाहीर केलं. बावीस वर्षं त्यात गेली. म्हणून मलम परस्पर आणून लावावं असं नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर आधी तपासणी. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात जालन्याचंही होतं. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना एकच विनंती. पन्नाशीपुढची बाई तिसऱ्यांदा लघवीच्या आगीची तक्रार घेऊन आली, तर अँटिबायोटिक लिहिण्याआधी लघवी कल्चरला पाठवा आणि तिला विचारा, ‘मावशी, पाळी कधी गेली?’