जहाजावरचा न्याय, जतच्या घरातला

सकाळी सहा. कोर्टात जायच्या आधीचे दोन तास मी लष्करी फायलींसाठी राखून ठेवते. साताऱ्यात वकिली करायची तर या फायली येणारच. इथे अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, 1961 पासून सैनिक स्कूल आहे, कितीतरी घरांत फौजेची पेन्शन येते. बहुतेक प्रकरणं भूदलाची असतात. आजचं नौदलाचं आहे, जतच्या एका तरुण नौसैनिकाचं, म्हणून टेबलावर 1957 चा नौदल कायदा.

कलम 93 पुन्हा वाचलं. जहाजाचा कमांडिंग ऑफिसर नौसैनिकाचा खटला स्वतःच चालवू शकतो; हीच समरी ट्रायल. कैदेची शिक्षा तीन महिन्यांच्या वर देता येत नाही आणि बडतर्फीला वरिष्ठांची मान्यता लागते. लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते कोर्ट मार्शल: पाच ते नऊ अधिकारी, सल्ल्याला जज अॅडव्होकेट, बचावाला वकील. साध्या नौसैनिकाचं भवितव्य मात्र पुष्कळदा कॅप्टनच्या टेबलासमोर, तो टोपी काढून उभा असतानाच ठरतं. तिथे वकील नसतो.

साडेआठ. सांगलीची एसटी. कऱ्हाड येईपर्यंत परशोत्तम दास प्रकरणाचा निकाल वाचून काढला. 2015 च्या एका निकालानंतर सैनिकांना उच्च न्यायालयाचं दार जवळजवळ बंदच झालं होतं. मार्च 2023 मध्ये, या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उघडलं. दिल्लीतल्या या वाक्यांवर जतमधल्या घराची चूल अवलंबून असते, म्हणून मी प्रत्येक ओळ पेन्सिल घेऊन वाचते.

साडेअकरा, सांगली. तो मुलगा आणि त्याचे वडील माझ्या आधीच येऊन बसलेले. वडील भूदलातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगा रजा संपल्यावर वेळेत हजर झाला नाही, तेही एकदा नव्हे. आई आजारी होती, पण दवाखान्याचे कागद त्याने कुणाला दाखवलेच नाहीत.

"का दाखवले नाहीस?"

"ताई, विचारलं तेव्हा गुन्हा कबूल म्हणालो. कबूल केलं की लवकर मिटतं, असं सगळे म्हणत होते."

सुभेदारसाहेब मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, शिस्त मोडली हे खरं. पण त्याचं कुणी ऐकून तरी घ्यायला पाहिजे होतं."

सगळं प्रकरण याच वाक्यात आहे. गैरहजेरी हा गुन्हाच आहे. भर समुद्रात जहाज असेल तर निवाडा लांबवता येत नाही, हेही मला मान्य आहे. पण हा मुलगा किनाऱ्यावरच्या तळावर होता. तिथे एक दिवस थांबून, तळाच्या अधिकारसाखळीबाहेरच्या कायदा अधिकाऱ्याशी त्याचं बोलणं करून दिलं असतं, तर शिस्तीचं काहीच बिघडलं नसतं. गुन्हा कबूल करणं म्हणजे नोकरी आणि पेन्शन दोन्ही पणाला लावणं, हे त्याला तेव्हा समजलं असतं. दोन तास एकेक तारीख विचारत त्याचा जबाब लिहून घेतला.

दुपारी दोन. जेवण, आणि कागदांच्या झेरॉक्स.

तीन. अर्ज लिहायला घेतला. आधी नौदलातलेच उपाय वापरावे लागतात. त्या अर्जाला सहा महिने उत्तर आलं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आपल्यासाठी मुंबई खंडपीठाकडे. हे न्यायाधिकरणही सहज मिळालेलं नाही. 1982 मध्ये पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलवर अपिलाची सोय नाही याबद्दल खंत व्यक्त केली. 1999 मध्ये विधी आयोगाने शिफारस केली, 2007 मध्ये कायदा झाला, 2009 मध्ये काम सुरू झालं. सत्तावीस वर्षं! तेवढ्यात एका नौसैनिकाची अख्खी नोकरी होऊन जाते.

साडेपाच. परतीची गाडी. पेठ नाक्याला बराच वेळ थांबली, तेवढ्यात सुधारणांच्या निवेदनासाठी टिपणं काढली. ब्रिटनमध्येही नौदलाच्या कोर्ट मार्शलमधले जज अॅडव्होकेट नौदलाचेच अधिकारी असत. 2003 मध्ये ग्रीव्ह्ज प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं की अशा न्यायालयाला स्वतंत्र म्हणता येत नाही. पुढे 2006 मध्ये तिथे तिन्ही दलांसाठी एकच कायदा आला. आपल्याकडे 2023 च्या कायद्याने संयुक्त तळांच्या प्रमुखांना तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार दिले, पण भूदल, हवाई दल आणि नौदलाचे मूळ कायदे वेगळेच राहिले. हुकूम देणाऱ्याचे हात बळकट झाले. समोर उभ्या असलेल्याच्या बाजूने कोण बोलणार, हा प्रश्न तसाच आहे.

रात्री नऊ. सुधारणांचं निवेदन आज पुरं करायचं ठरवलं होतं. तीन मागण्या लिहिल्या. बडतर्फी होऊ शकेल अशा प्रत्येक समरी ट्रायलमध्ये कबुलीआधी कायद्याचा सल्ला. शिक्षेची कारणं लेखी, आणि सगळ्या कागदांची प्रत त्याच दिवशी नौसैनिकाच्या हातात. जज अॅडव्होकेटची नेमणूक आणि बढती खटला भरणाऱ्यांच्या हाताबाहेर. पहिल्या मागणीखाली मुलाचं नाव न घालता त्याची हकीकत जोडली. उद्या सुभेदारसाहेबांना वाचून दाखवेन आणि त्यांनी हो म्हटलं तरच पाठवेन.