साक्ष मराठीत, अट इंग्रजीची

केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५पासून तिथल्या कनिष्ठ न्यायालयांत साक्षी नोंदवण्यासाठी 'अदालत एआय' ही बोलणं ऐकून लिहिणारी प्रणाली सक्तीची केली. यंत्रच लिहिणार असेल, तर शॉर्टहँडवर वर्षं कशाला घालवायची, असं आता कुणीही विचारेल. पण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींच्या वाटेत यंत्राच्या आधी एक भिंत उभी आहे आणि ती आपणच बांधलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये राज्यभरच्या जिल्हा न्यायालयांसाठी भरती काढली. तिच्यात लघुलेखक श्रेणी-३ला पदवीखेरीज इंग्रजी शॉर्टहँड मिनिटाला १०० शब्द, मराठी ८०, टायपिंग इंग्रजी ४० आणि मराठी ३०, असं सगळं एकदम मागितलं होतं. राज्य सरकारच्या इतर कार्यालयांत लघुलेखकाला इंग्रजी किंवा मराठी यांपैकी एक टायपिंग चालतं. न्यायालयातल्या या पदाच्या पगाराची श्रेणी ३८,६०० रुपयांपासून, म्हणजे कनिष्ठ लिपिकाच्या १९,९००च्या जवळपास दुप्पट. मराठी शाळेत शिकून गावाकडून एसटीने कॉलेज केलेली मुलगी मराठीचा ८०चा वेग गाठते आणि इंग्रजीच्या १००पाशी अडते. मग ती लिपिकाचा फॉर्म भरते.

ज्या कामासाठी ही अट आहे ते काम कोणत्या भाषेत चालतं, हेही पाहायला हवं. २१ जुलै १९९८च्या अधिसूचनेने राज्यातल्या जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली. शहापूर आणि मुरबाडच्या दिवाणी न्यायालयांत येतात ते बांधाचे, वहिवाटीचे, सातबाऱ्यावरच्या नावांचे वाद. फौजदारीकडे मारहाण, न वटलेले चेक, पोटगी. साक्षीदार आपल्या बोलीत सांगतो, न्यायाधीश ते प्रमाण मराठीत बांधून सांगतात आणि लघुलेखक ते उतरवतो. उलटतपासणीत 'असे म्हणणे खरे नाही की' या ठरलेल्या साच्याचं वाक्य पुन्हा पुन्हा येतं. त्यातला 'नाही' निसटला, तर साक्षीदार वकिलाचं म्हणणं कबूल करून बसतो. गावच्या बोलण्यात तर नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो, तोही दबक्या आवाजात: 'पैसं दिलं नाय.' पिटमन पद्धतीत हलकी रेघ म्हणजे प, तीच ठळक काढली की ब. भरधाव लिहिताना स्वर बहुतेक गाळायचे आणि नंतर संदर्भावरून भरायचे. वरकस जमीन कशाला म्हणतात, आवण कधी उपटतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा संदर्भ पक्का असतो. हे शिक्षण शहरातल्या क्लासात मिळत नाही. खाचरात चिखलणी केलेल्या घरातल्या पोराकडे ते आधीपासूनच असतं. भरतीच्या परीक्षेत मात्र या जाणतेपणाला शून्य गुण.

इंग्रजीची अट सैल करण्यावरचा आक्षेप खराच आहे. वरच्या न्यायालयांचे निवाडे इंग्रजीत, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की कागद इंग्रजीत. इंग्रजी न येणारा लघुलेखक न्यायाधीशांच्या काय उपयोगाचा? म्हणून इंग्रजी काढून टाका असं कुणी म्हणू नये. वेगाची उतरंड तेवढी उलटी करावी: तालुका न्यायालयासाठी मराठी १००, इंग्रजी ८०, आणि बढतीसाठी इंग्रजीचा पुढचा टप्पा. दुसरा आक्षेप जागांचा. २०२३च्या त्या भरतीत लघुलेखकांच्या जागा काही शेच होत्या, लिपिकांच्या काही हजार. त्यामुळे सगळं आयुष्य या एका पदावर लावू नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे; टायपिंगची प्रमाणपत्रं लिपिकाच्या भरतीलाही लागतात, ती आधी हातात असावीत.

राहिलं यंत्र. ते येणार आणि यावंही. कारकुनी हात मोकळे होतील. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३नुसार नोंदवलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते आणि गरज पडली तर दुरुस्त करावी लागते. कातकरी वाडीवरची बाई बोलते आहे, मधेच वकील हरकत घेतो आहे, बाहेर पुकारा चालू आहे. अशा वेळी पडद्यावर उमटलेलं वाक्य तिचंच आहे का, हे ओळखायला तिची बोली कळणारा कान लागतो. यंत्र आल्यावर लघुलेखकाचं काम तपासनीसाचं होईल आणि आपलं प्रशिक्षण त्यासाठी अजिबात तयार नाही. सरावाचे उतारे आजही बहुधा भाषणांच्या वळणाचे असतात: एक आवाज, एक लय, पाच मिनिटांत ४०० शब्द. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने शॉर्टहँडच्या परीक्षेत एक उतारा साक्षीचा ठेवावा, प्रश्न-उत्तरं आणि हरकतींसकट, आणि ठाणे जिल्हा न्यायालयाने निकाली प्रकरणांतल्या साक्षी, नावं-गावं गाळून, त्यासाठी द्याव्यात. या दोन्ही गोष्टींना ना नवी इमारत लागते, ना मोठा निधी.