ओव्यातला फिनॉल, पुदिन्यातला अल्कोहोल

पोट दुखलं की बत्ताशावर दोन थेंब टाकून घ्यायची अमृतधारा अजूनही काही घरांत असते. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ बाटलीत एकत्र केले की पाण्याचा थेंबही न घालता पातळ होतात. यातल्या ओव्याच्या फुलात थायमॉल असतो, पुदिन्याच्या फुलात मेंथॉल. अल्कोहोल आणि फिनॉल यांतला फरक शिकवायला मला याहून चांगली जोडी माहीत नाही.

दोन्ही रेणूंत दहा कार्बन आणि एक ऑक्सिजन आहे. सांगाडाही तोच: सहा कार्बनचं वलय, त्याला एक मिथिल, एक आयसोप्रोपिल आणि एक हायड्रॉक्सिल गट. मेंथॉलमध्ये हायड्रोजनचे 20 अणू, थायमॉलमध्ये 14. हे सहा हायड्रोजन नसल्यामुळे थायमॉलचं वलय बेंझिनचं होतं, म्हणून तो फिनॉल. मेंथॉलचं वलय संपृक्त, म्हणून तो अल्कोहोल. थायमॉलला हायड्रोजन देऊन कारखान्यात मेंथॉल बनवतातही.

हायड्रॉक्सिल गट दोघांत एकच, तरी त्याचं वागणं शेजारावर ठरतं. बेंझिन वलयाशेजारी असलेल्या ऑक्सिजनने आपला हायड्रोजन सोडला, तर मागे उरलेला ऋण प्रभार वलयभर पसरतो आणि आयन स्थिर होतो. म्हणून फिनॉल साध्या अल्कोहोलच्या सुमारे दहा लाख पट आम्लधर्मी असतो. इथरमध्ये विरघळवलेली अमृतधारा सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणासोबत हलवली, तर थायमॉल क्षार होऊन पाण्याच्या थरात उतरतो. मेंथॉल आणि कापूर इथरमध्येच राहतात. पाण्याच्या थरात आम्ल घातलं की थायमॉल पुन्हा वेगळा होतो. मात्र खाण्याच्या सोड्याच्या द्रावणातून फिनॉल सहसा बुडबुडे काढत नाही. ते काम कार्बोक्सिलिक आम्लाचं.

अल्कोहोलची पुढची विभागणी हायड्रॉक्सिल गट असलेल्या कार्बनला आणखी किती कार्बन जोडलेले आहेत त्यावर होते: एक असेल तर प्राथमिक, दोन असतील तर द्वितीयक, तीन असतील तर तृतीयक. मेंथॉल द्वितीयक आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड लुकास यांनी 1930 मध्ये मांडलेली कसोटी इथे सगळे पाठ करतात. निर्जल झिंक क्लोराइड आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणात तृतीयक अल्कोहोल लगेच गढूळ होतं, द्वितीयकाला काही मिनिटं लागतात, प्राथमिक मात्र खोलीच्या तापमानाला निवळच राहतं. गढूळपणा न विरघळणाऱ्या क्लोराइडमुळे येतो. त्यामुळे मूळ अल्कोहोल त्या मिश्रणात विरघळलेलं असणं ही अट आहे, आणि पाठांतरात नेमकी तीच गळते. दहा कार्बनचा मेंथॉल त्यात नीट विरघळतच नाही. त्याच्यासाठी क्रोमिक आम्ल बरं: नारिंगी रंग हिरवट होतो आणि मेंथॉलचा मेंथोन बनतो. प्राथमिक अल्कोहोलही हाच रंगबदल दाखवतं, तृतीयक दाखवत नाही.

फिनॉलसाठी फेरिक क्लोराइडची कसोटी सर्वांना आवडते, कारण जांभळा रंग चटकन उमटतो. 1834 मध्ये रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी कोळशाच्या डांबरातून वेगळा केलेला आणि 1865 मध्ये शल्यचिकित्सक लिस्टर यांनी ग्लासगोत जखमांवर वापरलेला साधा फिनॉल तो रंग देतो. थायमॉल मात्र देत नाही! त्याच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात रंग हिरवट येतो. जांभळं दिसलं नाही म्हणजे फिनॉल नाही, असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला दोष देण्याआधी त्याला एकाच रंगावर विसंबायला कोणी शिकवलं, ते विचारायला हवं. अशा वेळी सोडियम हायड्रॉक्साइड आणि ब्रोमीन पाणी या दोन्हींची साक्ष घ्यावी. ब्रोमीन पाण्याचा रंग थायमॉलही घालवतो, साधा फिनॉल तर पांढरा अवक्षेप देतो.

फेरिक क्लोराइडचा खरा उपयोग औषधांच्या तपासणीत कळतो. शुद्ध ॲस्पिरिनमधला फिनॉली हायड्रॉक्सिल ॲसिटिल गटाने झाकलेला असतो, म्हणून रंग येत नाही. दमट हवेत गोळी खराब होऊ लागली की तिला व्हिनेगरसारखा वास येतो, सॅलिसिलिक आम्ल मोकळं होतं आणि फेरिक क्लोराइडच्या थेंबाने जांभळा रंग उमटतो.