खोटा बाजार, खरा हिशेब

गेल्या वर्षीं जूनमध्यें आमचा भाचा शिक्षणासाठीं पुण्यास आमच्या घरीं राहावयास आला, तो लक्षाधीश होऊनच! मोबाईलवरील एका लुटुपुटीच्या शेअरबाजारांत त्यानें एक लाख खोट्या रुपयांचे तीन लाख केले होते. येथवर आमची तक्रार नव्हती. परंतु "मामा, आईची ठेव आतां बँकेंत कुजत ठेवूं नये," असें तो म्हणाला, तेव्हां मात्र आम्हीं हातांतील वर्तमानपत्र खालीं ठेवलें. ती ठेव म्हणजे आमच्या विधवा बहिणीचा एकमेव आधार.

उपदेश करण्यापेक्षां त्याच्याच साह्यानें इमारतींतील मुलांसाठीं असा एक खेळ रचावा, असें आम्हीं ठरविलें. पहिला प्रयोग फसला. दहा काल्पनिक कंपन्या, प्रत्येकास दहा हजार कागदी रुपये, आणि मागणी वाढली कीं भाव वाढावा, एवढाच नियम. एका 'आंबा कंपनी'वर सर्वांची उडी पडली. शंभराचा भाव नऊशेंवर गेला. कागदावर सारेच श्रीमंत, आणि विकावयास कोणीच तयार नाहीं! तो भाव रास्त कीं अवास्तव, हें ठरविणारें त्या खेळांत कांहींच नव्हतें.

ही अडचण अमेरिकेंत १९९६ साली निघालेल्या 'हॉलिवूड स्टॉक एक्स्चेंज' या खेळानें मोठ्या युक्तीनें सोडविली. तेथें नव्या खेळाडूस वीस लाख खोटे डॉलर मिळत आणि चित्रपटांचे शेअर घेतां येत. चित्रपट सर्वत्र झळकल्यावर चार आठवड्यांत त्यानें जितके दशलक्ष डॉलर मिळविले, तितके खोटे डॉलर ही त्या शेअरची अखेरची किंमत! म्हणजे पैसा खोटा, परंतु निकाल खरा. पुढें २०१० साली खऱ्या पैशानें असेच सौदे करण्यास तेथील सरकारी नियामकांनीं जूनमध्यें परवानगी दिली. परंतु जुलैमध्यें झालेल्या कायद्यानें ते बंद केले.

निकालाचा दिवस खऱ्या बाजारासही चुकत नाहीं. अमेरिकन यादवीच्या काळांत मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें आणि शहरास शेअरांचें वेड लागलें. १ जुलै १८६५ रोजीं वायदे फेडण्याची वेळ आली, तेव्हां देणारे पुष्कळ आणि घेणारा कोणी नाहीं, अशी अवस्था झाली. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बाँबेचा शेअर पुढें ८७ रुपयांवर आला.

म्हणून आमच्या दुसऱ्या खेळांत आम्हीं पावसाचे शेअर काढले. पुणें, महाबळेश्वर, नागपूर, रत्नागिरी. जुलैअखेर हवामान खात्याच्या आकड्यांप्रमाणें जितके मिलिमीटर पाऊस, तितके रुपये. एका गांवावर निम्म्याहून अधिक पैसा लावावयाचा नाहीं, आणि प्रत्येक खरेदीपूर्वीं तिचें कारण वहींत लिहावयाचें, हे दोन नियम. काय सांगावें! ज्या मुलांस भूगोलाचा कंटाळा, तीं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेवर वाद घालूं लागलीं.

महिनाअखेर भाचा सातांत पांचवा आला. आम्हीं त्याची वही त्याच्यापुढें ठेवली. बावीस खरेद्यांपैकीं चौदांपुढें एकच कारण होतें: 'सगळे घेत होते.'

तो बराच वेळ वही चाळीत बसला. मग म्हणाला, "मामा, इथें हरलों तरी रात्रीं झोप लागली. आईचे पैसे असते तर?"

या प्रश्नाचें उत्तर कोणताही खोटा बाजार देऊं शकत नाहीं. हानीची धग त्यांत मुळींच नसते. ती आणण्याचा नियम आम्हांसही सुचला नाहीं. परंतु तो प्रश्न वेळींच पडावा, एवढें काम चांगला रचलेला खेळ करूं शकतो. बहिणीची ठेव जेथें होती तेथेंच आहे. यंदाच्या पावसाचे शेअर मात्र भाचा स्वतःच काढणार आहे.