लाकडाबरोबर त्याचा कागदही हवा

उरण तालुक्यातील मोरा बंदराच्या शेजारीच न्हावा शेवा आहे. १९८९ साली हे बंदर सुरू झाले आणि या भागाचे रूपच पालटले. गोदामे आली, ट्रकचे तळ आले, कस्टम एजंटांच्या कचेऱ्या आल्या, पेट्या आणि पॅलेट ठोकणारे सुतार आले. येथून परदेशी जाणाऱ्या मालात फर्निचर, नक्षीच्या पेट्या, फ्रेमा असे लाकडी सामानही असते. त्यामागे सहारनपूरसारख्या गावांतील कारागीर आहेत आणि त्यांच्यात आपल्या समाजाची माणसे फार मोठ्या संख्येने आहेत.

या मालाबद्दल परदेशचा खरेदीदार आता नक्षी आणि भाव यांपलीकडचे प्रश्न विचारतो. लाकूड कोणत्या झाडाचे? झाड कोणत्या जमिनीवरचे? तोडायची परवानगी होती का? उत्तर कागदावर नसेल तर ऑर्डर दुसरीकडे जाते. कारागिराच्या हातात कितीही हुनर असला तरी तो तेथे कामी येत नाही.

कायदे काय सांगतात?

अमेरिकेचा लेसी कायदा १९०० सालचा. तो पूर्वी मुख्यतः वन्य प्राणी व पक्ष्यांच्या व्यापारासाठी होता. २००८ साली त्यात झाडे आणि लाकूड आले. लाकूड ज्या देशात तोडले त्या देशाचा कायदा मोडला असेल, तर अमेरिकेतही तो गुन्हा ठरतो. तेथील आयातदाराला झाडाचे शास्त्रीय नाव, मालाची किंमत, प्रमाण आणि तोडीचा देश लिहून द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियाने २०१२ साली चोरट्या तोडीच्या लाकडाविरुद्ध कायदा केला. युरोपीय संघाचा असा नियम ३ मार्च २०१३ पासून लागू झाला.

युरोपने २०२३ साली आणखी कडक नियम केला. लाकूड कायदेशीर असणे आता पुरे नाही. ते ज्या जमिनीवर वाढले तेथील जंगल ३१ डिसेंबर २०२० नंतर साफ केलेले नसावे, आणि त्या जमिनीचे अक्षांश-रेखांशही द्यावे लागतील. या नियमाची मुदत दोनदा पुढे गेली. डिसेंबर २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे मोठ्या व मध्यम कंपन्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि लहानांसाठी ३० जून २०२७ ही तारीख आहे. मे २०२५ मध्ये भारताला कमी जोखमीच्या देशांत धरले गेले, ही आपल्या बाजूची गोष्ट. परंतु त्यामुळे आयातदाराचे तपासणीचे काम हलके होते, माहिती मात्र गोळा करावीच लागते. आणि ती तो आपल्याकडेच मागणार.

गिटारच्या पट्टीची गोष्ट

कागदातील एका शब्दाने काय होते, हे गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या प्रकरणात दिसले. ऑगस्ट २०११ मध्ये तेथील सरकारी अधिकाऱ्यांनी तिच्या कारखान्यावर छापा घातला. जप्त केलेल्या मालात भारतातून गेलेल्या शिसवी व आबनुसाच्या पट्ट्या होत्या. त्या सुमारे १० मिलिमीटर जाडीच्या होत्या. भारताच्या निर्यात नियमांत ६ मिलिमीटरपर्यंतची पातळ पट्टी वेगळी आणि त्याहून जाड चिरलेले लाकूड वेगळे. एका कागदावर हा माल एका वर्गात दाखवला होता, दुसऱ्यावर दुसऱ्या. २०१२ साली तडजोड झाली. मादागास्करच्या आबनुसाच्या जुन्या प्रकरणापायी कंपनीला ३ लाख डॉलर दंड भरावा लागला. भारतीय लाकडाच्या वर्गवारीबद्दल संदिग्धता आहे, हे सरकारने मान्य केले. पण तोवर माल अडकून पडला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला ते झेपले. वीस कारागिरांकडून माल गोळा करणाऱ्या लहान निर्यातदाराला झेपेल काय?

शिसमचा धडा

जानेवारी २०१७ पासून शिसम धरून त्याच्या जातीची सर्व झाडे साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. निर्यातीला परवाना किंवा त्याच्या बरोबरीचा दाखला लागू लागला. केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार शिसमच्या सामानाची निर्यात वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींवर आली आणि सुमारे ५०,००० कारागिरांच्या रोजीवर परिणाम झाला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामाच्या परिषदेत भारताने बाजू मांडली व सवलत मिळाली. प्रत्येक नगातील शिसमचे वजन १० किलोपेक्षा कमी असेल, तर एका खेपेत कितीही नग साइटिस परवान्याशिवाय जाऊ शकतात. हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेची ‘वृक्ष’ ही लाकडाच्या कायदेशीरपणाची योजनाही आहे. पण तिचा दाखला मिळवायचा तर खरेदीचा कागद हाती हवा. मूळ कागद नसेल तर वरचा कोणताही दाखला उभा राहत नाही.

कोणते कागद जपावे?

सरकारी डेपोतील लिलावाचे लाकूड असेल तर लिलावाची पावती ठेवावी. खासगी जमिनीवरचे झाड असेल तर तोडीची परवानगी (महाराष्ट्रात यासाठी १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे) आणि वाहतूक पास घ्यावा. डिसेंबर २०२३ पासून हा पास ऑनलाइन काढण्याची देशव्यापी सोय झाली आहे. काही झाडांना पास लागत नाही. तेथे विक्रेत्याचे पक्के बिल आणि शेतकऱ्याच्या सातबाऱ्याची प्रत घ्यावी. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, त्यावरून जमीन सापडते. लाकूड परदेशातून आणले असेल तर आयातीचे कागद आणि झाडाचे शास्त्रीय नाव सांभाळावे. आफ्रिकेतून येणारे पडौक हेही आता साइटिसच्या यादीत आहे.

तीन-चार कारागीर मिळून एक ट्रक लाकूड घेतात, तेव्हा बिल एकाच्याच नावावर राहते. अशा वेळी बिलाच्या प्रती काढाव्यात, प्रत्येकाच्या वाट्याला किती घनफूट आले ते मागे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. वखारवाला बिनबिलाचे लाकूड थोडे स्वस्त देईल. पण त्या लाकडाचा नग निर्यातीच्या मालात मिसळला, तर सगळी खेप संशयात येते.

पॅलेट बनवणाऱ्या बांधवांनी एक फरक ध्यानात ठेवावा. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि ‘एचटी’ असा छाप असतो. लाकूड तापवून त्यातील कीड मारली, एवढीच ग्वाही तो देतो. लाकूड चोरीचे नाही, असे तो सांगत नाही. केवळ माल बांधण्यासाठी गेलेल्या पॅलेटला युरोपचा नवा नियम लागत नाही. पॅलेटच विकायचे असतील तर लागतो.

न्हावा शेवात महसूल गुप्तचर संचालनालयाने दुसऱ्याच मालाच्या नावाखाली लपवलेले रक्तचंदन अनेकदा पकडले आहे. म्हणून आपला आयात-निर्यात कोड चार पैशांसाठी कोणालाही वापरायला देऊ नये. कंटेनरमध्ये काय निघेल ते आपल्याला ठाऊक नसते, नाव मात्र आपले असते.

कापडवाल्यांचा अनुभव

आम्ही कापडवाले यातून आधीच गेलो आहोत. जर्मनीने १९९४ साली काही अॅझो रंगांवर बंदी आणली, १९९७ साली भारतानेही आणली. रंगाऱ्याचे बिल आणि प्रयोगशाळेचा दाखला काय कामाचा, असे तेव्हा पुष्कळ लोक म्हणत. आज तो दाखला कोणाला जड वाटत नाही. लाकडाचेही तसेच होईल. तोवर जो टिकेल त्याचा बाजार राहील.

लिहून ठेवणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. कुरआनातील ही सर्वात लांब आयत व्यवहाराविषयी आहे, यावर आपण विचार करावा. चोरीच्या झाडाची कमाई हलाल नाही, हे कोणी वेगळे सांगायला नको. आपले लाकूड चोरीचे नाही, हे दाखवता येणे हाही सचोटीचाच भाग आहे. पुढच्या खरेदीपासून एक फाइल घालावी आणि पहिले बिल तीत लावावे. रोजीत बरकत देणारा अल्लाह आहे, फाइल सांभाळणे आपले काम.