को क्रेत

को क्रेत हे थायलंडमधील नोंथाबुरी प्रांतात, चाओ फ्राया नदीच्या पात्रात असलेले एक बेट आहे. थाई भाषेत 'को' म्हणजे बेट. ते बँकॉकच्या मध्यभागापासून उत्तरेस सुमारे २० किलोमीटर अंतरावर असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस किलोमीटर आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते पाक क्रेत जिल्ह्याचा एक उपविभाग असून त्यात सात गावांचा समावेश होतो. येथील मोन समाजाची मातीची भांडी, मोन पद्धतीचे बौद्ध विहार आणि मोन खाद्यपदार्थ यांसाठी हे बेट प्रसिद्ध आहे. बँकॉकहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येत असल्याने शनिवार-रविवारी येथे मोठी गर्दी होते.

निर्मिती

को क्रेत हे निसर्गनिर्मित बेट नाही. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही जागा नदीच्या एका मोठ्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेली होती. उत्तरेकडून येणारे पात्र येथे पश्चिमेकडे वळसा घालून पुन्हा पूर्वेकडे येत असे. समुद्रातून अयुथ्या या राजधानीकडे जाणाऱ्या नौकांना हा सारा वळसा पार करावा लागे. राजा थाई सा (कारकीर्द १७०९–१७३३) याने १७२२ साली या वळणाच्या मानेतून एक आडवा कालवा खणविला. 'क्रेत' या शब्दाचा अर्थच नदीचे दोन भाग जोडणारी लहान जलवाट असा आहे, आणि बेटाचे नाव त्या कालव्यावरून पडले. मूळ कालव्याची रुंदी सुमारे १२ मीटर होती. आज त्याच जागी उभे राहिले असता कालवा म्हणण्यासारखे काही दिसत नाही, दिसते ती भरून वाहणारी नदी.

याचे कारण जलशास्त्राच्या साध्या नियमात आहे. वळणाच्या लांब मार्गापेक्षा आखूड, सरळ मार्गाचा उतार अधिक असतो. उतार अधिक म्हणून वेग अधिक, आणि वेग अधिक म्हणून काठ खरवडण्याची शक्तीही अधिक. त्यामुळे खणलेला चर वर्षानुवर्षे रुंद होत गेला आणि वळणाच्या आतील जमीन चहूबाजूंनी पाण्याने वेढली गेली. चाओ फ्राया नदीवर असे प्रयोग यापूर्वीही झाले होते. १५४२ मध्ये बँकॉक येथे आणि १६३६ मध्ये नोंथाबुरी येथे खणलेल्या अशाच कालव्यांतून पुढे मुख्य नदी वाहू लागली. बँकॉकचा राजवाडा आज ज्या पात्राच्या काठी आहे ते पात्र मुळात असाच एक कालवा होता, आणि जुनी नदी आता बँकॉक नोई व बँकॉक याई या 'कालव्यांच्या' नावाने ओळखली जाते. नदी आणि कालवा यांच्या नावांची ही अदलाबदल नकाशा पाहणाऱ्याला चांगलीच गोंधळात टाकते.

मोन समाज

मोन हे आग्नेय आशियातील अत्यंत जुन्या लोकसमूहांपैकी एक आहेत. त्यांची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातील आहे. महाराष्ट्रात मेळघाटात बोलली जाणारी कोरकू भाषाही याच कुळाच्या मुंडा शाखेत मोडते, म्हणजे दूरचे का होईना पण नाते आहे. मोन लिपी दक्षिण भारतीय ब्राह्मीपासून निघाली, आणि थेरवाद बौद्ध धर्म आग्नेय आशियात रुजविण्यात मोन लोकांचा वाटा मोठा आहे.

आजच्या दक्षिण म्यानमारमधील पेगू (बागो) हे मोन राज्याचे केंद्र होते. १७५७ मध्ये बर्मी राजा अलाउंगपाया याने पेगू जिंकल्यावर हे राज्य संपले. त्यानंतर मोन लोकांच्या अनेक तुकड्या डोंगर ओलांडून सयाममध्ये आल्या. अयुथ्येच्या पाडावानंतर (१७६७) थोनबुरी येथे राज्य स्थापन करणाऱ्या राजा ताकसिन याने अशा एका समूहाला पाक क्रेतच्या परिसरात वसविले. दुसरे मोठे स्थलांतर १८१५ च्या सुमारास, राजा दुसरा राम याच्या कारकिर्दीत झाले. त्या वेळी आलेल्यांना पाक क्रेतबरोबरच पथुम थानी आणि फ्रा प्रदेंग येथेही जागा देण्यात आल्या. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने यात दयेइतकाच हिशेबही होता. युद्धांनी ओस पडलेल्या प्रदेशाला माणसे हवी होती, आणि बर्मी सैन्याला ओळखणारे मोन लढवय्ये सयामला उपयोगी होते.

आज बेटाच्या उत्तर व पूर्व भागात मुख्यतः मोन वंशाची कुटुंबे राहतात, तर अन्य भागांत थाई बौद्ध आणि थाई मुस्लिम वस्ती आहे. रोजच्या व्यवहाराची भाषा थाई झाली असून मोन बोलणारे प्रामुख्याने वयस्कर लोक आहेत. बेटावरील लिखित मोन भाषेचा मोठा आधार विहार हाच राहिला आहे.

मृत्पात्रकला

बेटावरील कुंभारवस्तीला मोन भाषेत 'क्वान आमान' म्हणतात. त्याचा अर्थ कुंभारांचे गाव असा होतो. या नावाने बेटावर भांड्यांचे एक संग्रहालयही आहे. स्थलांतरितांनी ही कला सोबत आणली आणि तिला लागणारा कच्चा माल त्यांना नदीच्या गाळाच्या सखल मैदानात आयता मिळाला. पाक क्रेत परिसरातील चिकणमाती करड्या रंगाची, चिवट आणि बारीक पोताची आहे.

अशी माती जशीच्या तशी वापरली तर वाळताना फार आकसते आणि भांड्याला तडे जातात. म्हणून ती भिजवून तिच्यात बारीक वाळू मिसळतात व एकजीव होईपर्यंत मळतात. मळलेला गोळा चाकावर चढवून भांडे उभे करतात. पूर्वी चाक फिरविण्यासाठी कारागिराजवळ एक मदतनीस बसे, आता बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारी चाके आली आहेत. भांडे अर्धवट सुकले, म्हणजे बोटाने दाबले तर ठसा उमटत नाही पण टोकदार हत्याराने कोरता येते, अशा अवस्थेत आले की नक्षीकाम सुरू होते. ही वेळ साधणे हेच खरे कौशल्य. ओल अधिक असेल तर कोरलेल्या रेषेची कड ओघळते, कमी असेल तर कपचा उडतो. पाने, फुले आणि वेलबुट्टी ही नेहमीची नक्षी असून काही भांड्यांवर ती आरपार जाळीसारखी कोरलेली असते.

पूर्ण वाळलेली भांडी विटांच्या घुमटाकार भट्टीत रचून भाजतात. त्यांना झिलई दिली जात नाही. भाजलेल्या भांड्याचा रंग तांबडा-नारिंगी येतो, तो मातीतील लोहामुळे. भट्टीत भरपूर हवा खेळती राहिली तर लोहाचे तांबडे ऑक्साइड तयार होते. उलट अखेरच्या टप्प्यात हवा कोंडली आणि धूर आत राहू दिला तर लोहाचे ऑक्साइड काळे पडते, कार्बनही छिद्रांत शिरतो व भांडे काळे होते. म्हणजे को क्रेतची तांबडी आणि काळी भांडी एकाच मातीची असू शकतात, फरक केवळ आगीच्या हाताळणीचा असतो.

या भांड्यांमध्ये सर्वात प्रतिष्ठेचे 'मो नाम लाई विचित' हे होय. 'मो नाम' म्हणजे पाण्याचे भांडे, 'लाई' म्हणजे नक्षी, आणि 'विचित' हा संस्कृत 'विचित्र' शब्दच आहे. मराठीत त्याला 'चमत्कारिक' हा अर्थ चिकटला असला तरी थाई भाषेने 'नाना रंगरेषांनी सजलेले' हा जुना अर्थ जपला आहे. झाकण, घट आणि बैठक असे या पात्राचे तीन भाग असतात व तिन्हींवर कोरीवकाम असते. अशी पात्रे रोजच्या वापरासाठी नव्हे, तर विहाराला अर्पण करण्यासाठी किंवा थोरामोठ्यांना भेट देण्यासाठी घडविली जात. नोंथाबुरी प्रांताच्या अधिकृत मुद्रेवर हेच पात्र आहे.

कुंभारांचा चरितार्थ मात्र या शोभिवंत पात्रांवर नव्हे, तर रांजण, परडी, कुंड्या आणि खल यांवर चालत असे. बिनझिलईच्या भांड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन वाफ होते आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मराठी घरांतील माठाचे तत्त्वही हेच. मातीचा खोल खल आणि लाकडी बत्ता हे थाई स्वयंपाकघरातील कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचे (सोम ताम) साधन आहे. दगडी खलात मसाला वाटला जातो, तर मातीच्या खलात पपई वाटली न जाता केवळ चेचली जाते, म्हणून दोन्ही लागतात.

नळाचे पाणी, शीतकपाट आणि प्लास्टिक आल्यावर रांजण-परडीची मागणी ओसरली. २००१ मध्ये थायलंड सरकारने प्रत्येक उपविभागाच्या एका विशेष उत्पादनाला प्रोत्साहन देणारी 'एक तांबोन, एक उत्पादन' योजना सुरू केली. अशा प्रोत्साहनाने आणि पर्यटनाने या कलेला आधार मिळाला, पण तिचे रूप बदलले. हातात मावणाऱ्या, सामानात सहज बसणाऱ्या वस्तू, म्हणजे दिवे, धूपदाण्या आणि छोटे घट, आता अधिक घडविल्या जातात. कोरीवकाम टिकले, परंतु मोठा रांजण चाकावर उभा करण्याचे कसब असे टिकत नाही. ते मागणीवाचून एका पिढीतही विसरले जाऊ शकते.

वाट परमाइयिकावात

थाई 'वाट' म्हणजे बौद्ध विहार. मराठी 'वाट' शब्दाशी त्याचा संबंध नाही. बेटाच्या ईशान्य टोकावर, नदी जेथे दोन फाट्यांत विभागते तेथे हा बेटावरील मुख्य विहार आहे. त्याचे जुने नाव वाट पाक आओ. राजा चुलालोंगकोर्न (पाचवा राम) १८७४ मध्ये येथे आला असता विहार मोडकळीस आलेला त्याने पाहिला आणि त्याचा जीर्णोद्धार करविला. हे कार्य त्याने राजकन्या लामोम हिच्यासाठी केले. चुलालोंगकोर्नची आई तो जेमतेम आठ वर्षांचा होण्याच्या बेतात असताना वारली होती, आणि आईची आत्या असलेल्या लामोम यांनी त्याला वाढविले होते. तो त्यांना आजीच्या ठिकाणी मानत असे.

विहाराचे नवे नाव त्यावरूनच पडले. 'परम', पालीतील 'अय्यिका' म्हणजे आजी, आणि 'आवास' या शब्दांचा तो समास आहे. पाली 'अय्यिका' व मराठी 'आजी' हे दोन्ही शब्द संस्कृत 'आर्यिका'पर्यंत जातात. नदीकाठच्या या मोन विहाराच्या नावात अशा रीतीने मराठी वाचकाच्या ओळखीचा शब्द दडलेला आहे.

विहारात शयनस्थ बुद्धाची मोठी मूर्ती, मोन भाषेतील त्रिपिटक आणि एक लहान संग्रहालय आहे. सर्वाधिक परिचित आहे तो मात्र पाण्याच्या कडेला असलेला मुताओ चैत्य. पेगूच्या श्वेमॉडॉ स्तूपाशी नाते सांगणारा हा पांढरा चैत्य नदीकडे स्पष्ट कललेला आहे. प्रवाहाने काठ खचत गेल्यामुळे त्याचा पाया एका बाजूने बसला. ज्या कालव्याने बेट घडविले, त्यानेच वेग वाढलेले पाणी या टोकावर आणून सोडले आहे. चैत्य सरळ करण्याऐवजी तो आहे त्या अवस्थेत स्थिर ठेवण्यात आला आणि आता तोच बेटाची ओळख बनला आहे.

पूर

बेट सखल असल्याने पावसाळ्याच्या अखेरीस पाणी चढणे नवे नाही, आणि जुनी घरे खांबांवर उभी आहेत ती त्यासाठीच. २०११ च्या महापुरात पाक क्रेत शहराने वाळूच्या पोत्यांच्या बंधाऱ्यांनी स्वतःचा बचाव केला, परंतु नदीच्या मधोमध असलेले को क्रेत पाण्याखाली गेले. कुंभाराचे नुकसान अशा वेळी इतरांपेक्षा अधिक असते, कारण न भाजलेले भांडे पाण्यात पुन्हा चिखल होते.

खाद्यपदार्थ

मोन परंपरेतील 'खाओ चे' हा सोंगक्रानच्या (थाई नववर्ष, हा शब्दही 'संक्रांत'च) उन्हाळी दिवसांतला पदार्थ. फुलांनी सुगंधित केलेल्या गार पाण्यात शिजलेला भात घालून तो तोंडी लावण्यांसह खातात. पाणी मातीच्या भांड्यातच गार होत असे. 'थोत मान नो काला' हे आल्याच्या कुळातील, ओलसर जागी वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या कोवळ्या कोंबांसह केलेले तळलेले मासळीचे वडे होत. निरनिराळ्या फुलांची व पानांची कुरकुरीत भजीही बाजारात ठिकठिकाणी मिळतात.

एका दिवसाची सहल

बेटावर मोटारी नाहीत. पाक क्रेतच्या बाजूला वाट सनाम नुआ या विहाराच्या धक्क्यावरून नाव सुटते व काही बात भाड्यात अल्पावधीत विहाराजवळच्या धक्क्यावर पोहोचविते. २०२३ च्या अखेरीस सुरू झालेल्या गुलाबी मार्गिकेच्या याएक पाक क्रेत स्थानकामुळे बँकॉकहून आगगाडीनेही या भागात पोहोचता येते. तेथून धक्क्यापर्यंत टॅक्सी किंवा मोटरसायकल घ्यावी लागते. चाओ फ्राया नदीवरील हिरव्या निशाणाची बोट पाक क्रेतपर्यंत जाते, पण ती कामाच्या दिवशी, तेही सकाळ-संध्याकाळ असते, आणि बेटाचा बाजार भरतो शनिवारी, रविवारी व सुट्टीच्या दिवशी. त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नाही.

बाजाराच्या दिवशी खाण्याची चंगळ होते, परंतु अरुंद गल्लीतून चालणे कठीण होते. भांडी घडताना पाहायची असतील तर इतर दिवशी गेलेले बरे. दुकाने बरीच बंद असली तरी शांतता असते. बेटाला फेरी घालणारा सिमेंटचा अरुंद रस्ता पाच ते सहा किलोमीटरचा असून धक्क्याजवळ सायकली भाड्याने मिळतात. बहुतेक पर्यटक पहिल्या अर्ध्या किलोमीटरातच परततात. पुढे फळबागा, ओढे आणि पश्चिमेचे जुने, संथ पात्र लागते, व बेटाचा आकार तेथेच ध्यानात येतो.

दुकानांत मांडलेली प्रत्येक वस्तू बेटावरच घडली असे धरून चालू नये. मागे भट्टी किंवा चाक असलेल्या घरातून खरेदी केल्यास शंका राहत नाही. घेण्यापूर्वी भांड्यावर टिचकी मारून पाहावी. नीट भाजलेले भांडे खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द. बिनझिलईच्या पात्रात पाणी भरून लाकडी फर्निचरवर ठेवल्यास खाली ओल उतरते, म्हणून त्याखाली थाळी ठेवावी लागते.